राउटरविना दूरस्थ डेस्कटॉप जोडणी

राउटरविना दूरस्थ डेस्कटॉप जोडणी म्हणजे घरातील एका संगणकाचा पडदा, कळफलक आणि माऊस दुसऱ्या संगणकावरून वापरण्याची अशी व्यवस्था, की जिच्यात या संगणकांच्या मार्गावर घरगुती राउटर नसतो. ज्या संगणकाचा ताबा घेतला जातो त्याला या लेखात यजमान संगणक आणि ज्यावरून ताबा घेतला जातो त्याला नियंत्रक संगणक म्हटले आहे.

या व्यवस्थेचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दोन संगणक एकमेकांना तारेने किंवा बिनतारी पद्धतीने थेट जोडलेले असतात; त्यांना इंटरनेटची गरज नसते. दुसऱ्या प्रकारात यजमान संगणक मोडेमला थेट जोडलेला असतो आणि नियंत्रक संगणक इंटरनेटवर कोठेही असू शकतो. दोन्ही प्रकारांत संगणकावर करावयाच्या मांडणीच्या पायऱ्या जवळपास सारख्याच आहेत, मात्र जोखमीच्या दृष्टीने त्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात यजमानापर्यंत केवळ तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेली व्यक्ती पोहोचू शकते, तर दुसऱ्या प्रकारात कोणीही पोहोचू शकते.

== इतिहास ==

दुसऱ्या यंत्रावर चाललेल्या कार्यक्रमाची खिडकी आपल्या पडद्यावर पाहण्याची सोय मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत होती. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजेच आरडीपी, १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आला. ही आवृत्ती कार्यालयांसाठी होती. घरगुती वापरकर्त्यांच्या हाती ही सोय आली ती २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमुळे. त्याच सुमारास केंब्रिज येथील ऑलिव्हेटी व ऑरेकल संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेली व्हीएनसी ही मुक्त प्रणालीही लोकप्रिय झाली. आरडीपी सामान्यतः ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, तर व्हीएनसी ५९०० क्रमांकाच्या पोर्टवर चालते.

त्या काळात घरात राउटर असणे हाच अपवाद होता. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल यांनी दूरध्वनीच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. मुंबई परिसरात एमटीएनएलची आणि उर्वरित महाराष्ट्रात व गोव्यात बीएसएनएलची जोडणी असे. त्या वेळचे अनेक मोडेम केवळ पुलाचे काम करीत: वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द संगणकावरच टाकावा लागे आणि इंटरनेटवरील पत्ताही थेट संगणकालाच मिळे. शहरांतील केबलचालकांची पद्धत आणखी वेगळी होती. इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर बसविलेल्या स्विचमधून निघालेली तार खिडकीतून घरात येई आणि सरळ संगणकाच्या मागे खोचली जाई. चालकाने वेगळी काळजी घेतली नसेल, तर त्याच स्विचला जोडलेल्या शेजाऱ्यांचे संगणक एकमेकांना दिसत असत.

== राउटर काय करतो ==

राउटर नसताना काय करावे लागते हे समजण्यासाठी, तो असताना न सांगता कोणती कामे करतो हे पाहणे उपयुक्त ठरते. घरगुती राउटर मुख्यतः तीन कामे पार पाडतो.

पहिले काम पत्तेवाटपाचे. जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर डीएचसीपी या पद्धतीने आयपी पत्ता देतो. हे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात, कारण १९९६ मध्ये ठरलेल्या आरएफसी १९१८ या मानकाने खासगी जाळ्यांसाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे तीन पट्टे राखून ठेवले आहेत. दुसरे काम वाहतुकीचे: घरातील पाकिटे बाहेर पाठविणे आणि बाहेरून आलेली उत्तरे योग्य उपकरणाकडे वळविणे. तिसरे काम पत्तारूपांतराचे, ज्याला नॅट म्हणतात. घरातील सर्व उपकरणे बाहेरच्या जगाला एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात आणि कोणते उत्तर कोणाचे, याची नोंदवही राउटर ठेवतो.

या नोंदवहीचा एक आनुषंगिक परिणाम महत्त्वाचा आहे. घरातून कोणी विचारणा केलेली नसताना बाहेरून एखादे पाकीट आले, तर त्याची नोंद सापडत नाही आणि ते तेथेच टाकून दिले जाते. नॅटची कल्पना १९९४ मध्ये मांडली गेली ती पत्त्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून, संरक्षणासाठी नव्हे. तरीही प्रत्यक्षात कोट्यवधी घरगुती संगणकांना मिळालेले पहिले कुंपण हेच ठरले. राउटर काढून टाकला की पत्तेवाटप आणि वाहतूक यांची उणीव लगेच जाणवते, कारण जोडणी चालत नाही. कुंपण गेल्याचे मात्र कळत नाही, कारण सर्व काही पूर्वीपेक्षाही सुरळीत चालू असल्यासारखे वाटते.

राउटर आणि स्विच यांत गल्लत होऊ नये. स्विच हा तारा एकत्र जोडणारा डबा असून तो पत्ते देत नाही आणि रूपांतरही करत नाही. चार संगणक स्विचला जोडले तरी ते जाळे राउटरविनाच राहते. उलटपक्षी, आज फायबर जोडणीबरोबर मिळणाऱ्या डब्यात राउटर बहुधा अंगभूतच असतो, त्यामुळे वेगळे उपकरण दिसत नाही म्हणून घरात राउटर नाही असे समजणे चुकीचे ठरू शकते. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे संगणकाचा पत्ता पाहणे. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यास तो दिसतो. पत्ता खासगी पट्ट्यातील असेल आणि तो हाताने दिलेला नसेल, तर कोठेतरी राउटर काम करीत आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ता देणारे कोणी सापडलेले नाही. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील पत्ता सेवादात्याच्या सामायिक व्यवस्थेचा असतो. यांपैकी काहीच नसेल, तर संगणकाला बहुधा सार्वजनिक पत्ता मिळालेला असून तो इंटरनेटवर उघडा उभा आहे.

== दोन संगणकांची थेट जोडणी ==

=== तार ===

सर्वांत साधी व भरवशाची जोडणी म्हणजे दोन्ही संगणकांच्या इथरनेट पोर्टमध्ये खोचलेली एक तार. जुन्या, १० किंवा १०० मेगाबिट वेगाच्या पोर्टमध्ये पाठविण्याची जोडी १ व २ क्रमांकाच्या पिनांवर, तर घेण्याची जोडी ३ व ६ क्रमांकाच्या पिनांवर असते. दोन संगणक साध्या तारेने जोडल्यास दोघेही एकाच जोडीवर बोलू लागतात आणि ऐकणारा कोणीच उरत नाही. म्हणून त्या काळी या जोड्यांची अदलाबदल केलेली, क्रॉसओव्हर नावाची तार लागत असे. १९९९ मध्ये मानकीकृत झालेल्या गिगाबिट इथरनेटमध्ये चारही जोड्या दोन्ही दिशांनी वापरल्या जातात, आणि अशी बहुतेक पोर्ट तारेचा प्रकार स्वतः ओळखून जुळवून घेतात. त्यामुळे दोहोंपैकी एक संगणक जरी बऱ्यापैकी नवा असला, तरी बाजारात मिळणारी साधी लॅन केबल पुरते. तारेची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. घरासाठी ही मर्यादा नसल्यासारखीच आहे.

दोन्ही टोकांना साधा यूएसबी जोड असलेली तार मात्र या कामासाठी वापरू नये. दोन्ही संगणक तारेत वीज सोडण्याचा प्रयत्न करतात व पोर्टला इजा होण्याची शक्यता असते.

=== पत्ता ===

तार जोडल्यावर दोन्ही संगणक पत्ता देणाऱ्याचा शोध घेतात. कोणी उत्तर देत नाही असे दिसल्यावर ते १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या पट्ट्यातून स्वतःच एक पत्ता निवडतात आणि तो दुसऱ्या कोणी घेतलेला नाही याची तारेवर विचारणा करून खात्री करतात. ही सोय विंडोज ९८ पासून उपलब्ध आहे व २००५ मध्ये आरएफसी ३९२७ या मानकाने ती नियमबद्ध झाली. पट्ट्यात ६५,०२४ पत्ते असल्याने दोन संगणकांची टक्कर होण्याचा संभव नगण्य असतो. अनेक वापरकर्ते हा पत्ता पाहून जोडणी बिघडली असे समजतात. इंटरनेटच्या दृष्टीने ते खरे असले, तरी दोन संगणकांच्या आपापसातील संवादासाठी हा पत्ता पूर्णपणे ग्राह्य आहे.

तरीही स्वतः निवडलेला पत्ता दरवेळी तोच राहील याची शाश्वती नसते. नियमित वापरासाठी दोन्ही संगणकांना हाताने कायमचे पत्ते देणे इष्ट ठरते. उदाहरणार्थ, यजमानाला १०.७७.०.१ आणि नियंत्रकाला १०.७७.०.२ हे पत्ते व दोन्हींना २५५.२५५.२५५.० हा उपजाळ्याचा मुखवटा द्यावा. गेटवेची जागा रिकामी सोडावी, कारण या तारेपलीकडे जाण्यासारखे काही नाही. तेथे चुकून पत्ता भरल्यास इंटरनेटची वाहतूकही या तारेकडे वळण्याचा प्रयत्न करते आणि वाय-फाय चालू असूनही संकेतस्थळे उघडेनाशी होतात.

पट्टा निवडताना आणखी एक पथ्य आहे. नियंत्रक लॅपटॉप त्याच वेळी फोनच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट वापरत असेल, तर हॉटस्पॉटचा पट्टा आणि तारेचा पट्टा एकच असता कामा नये. अन्यथा कोणते पाकीट कोणीकडे धाडावे याचा संगणकाचा गोंधळ उडतो. हॉटस्पॉट आणि राउटर यांमध्ये १९२.१६८ हा पट्टा फार वापरला जातो, आयफोन १७२.२०.१० हा पट्टा वापरतो. वरील उदाहरणात १०.७७ हा आडवाटेचा पट्टा घेण्याचे कारण हेच.

आयपीव्ही६ मध्ये या खटाटोपाची गरज नाही. प्रत्येक जोडणीला एफई८० ने सुरू होणारा स्थानिक पत्ता आपोआप असतोच. तो टाकताना पुढे टक्क्याचे चिन्ह व जोडणीचा क्रमांक लिहावा लागतो. पत्ता लांबलचक असल्यामुळे लोक त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

=== बिनतारी ===

तार ओढणे शक्य नसेल तेथे विंडोज १० व त्यापुढील आवृत्तींतील मोबाइल हॉटस्पॉटची सोय वापरता येते. ती सुरू केलेला संगणक स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि जोडल्या जाणाऱ्यांना त्याच पट्ट्यातील पत्ते वाटतो. तारेवरून इंटरनेट वाटून देणारी इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही जुनी सोयही याच तत्त्वावर चालते. ती १९९९ च्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. काटेकोरपणे पाहता अशा वेळी जाळे राउटरविना राहत नाही, कारण एक संगणकच राउटर झालेला असतो. अँड्रॉइड फोन किंवा आयफोनच्या हॉटस्पॉटला दोन्ही संगणक जोडले तरी हेच घडते. मात्र काही हॉटस्पॉट जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत आणि मग इंटरनेट दोन्हीकडे असूनही दूरस्थ डेस्कटॉप चालत नाही.

== यजमान संगणक सिद्ध करणे ==

विंडोजच्या होम आवृत्तीत नियंत्रक होण्याची सोय आहे, यजमान होण्याची नाही. यजमानासाठी प्रो किंवा त्यावरील आवृत्ती लागते. ही मर्यादा तांत्रिक नसून परवान्याची आहे. ती ओलांडण्यासाठी प्रणालीतील फायली बदलणारी साधने प्रचलित असली, तरी ती परवान्याचा भंग करतात आणि प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर मोडण्याची शक्यता असते. होम आवृत्ती असलेल्यांना व्हीएनसी हा सरळ पर्याय आहे.

सेटिंग्जमधील सिस्टिम या भागात रिमोट डेस्कटॉप सुरू करता येतो. प्रशासक गटातील खात्यांना प्रवेश आपोआप मिळतो. इतर खाती रिमोट डेस्कटॉप युजर्स या गटात घालावी लागतात. खात्याला परवलीचा शब्द असणे आवश्यक आहे. परवलीचा शब्द नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज संगणकासमोर बसूनच प्रवेश देते, दुरून देत नाही. घरातील जुन्या संगणकावर परवलीचा शब्द ठेवलेलाच नसतो, त्यामुळे ही अडचण वारंवार येते. चार किंवा सहा अंकी पिन वापरून दररोज संगणक उघडणाऱ्यांची गैरसोय निराळी असते: दूरस्थ जोडणीत पिन चालत नाही, आणि खात्याचा मूळ परवलीचा शब्द आठवावा लागतो.

नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन ही निवड चालूच ठेवावी. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या या पद्धतीत यजमान आपला पडदा दाखविण्याआधी ओळख तपासतो. त्यापूर्वी अनोळखी माणसालाही प्रवेशाचा पडदा दिसत असे.

राउटर नसलेल्या जाळ्यात विंडोजला गेटवे सापडत नाही आणि ती जोडणी अनोळखी जाळे म्हणून सार्वजनिक या वर्गात टाकली जाते. या वर्गात फायरवॉलचे नियम कडक असतात. शेजारच्या संगणकाचे नाव शोधणे बंद असते आणि पिंग या तपासणीलाही उत्तर मिळत नाही. पिंगला उत्तर नाही म्हणून तार खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. अशा वेळी संगणकाच्या नावाऐवजी पत्ता वापरावा, आणि तरीही जोडणी होत नसेल तर फायरवॉलमधील रिमोट डेस्कटॉपचा नियम सार्वजनिक वर्गालाही लागू आहे का हे पाहावे. फायरवॉल संपूर्ण बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एकट्या तारेवर त्याने फारसे बिघडत नाही, पण तोच संगणक उद्या मोडेमला जोडला जातो तेव्हा बंद केलेली फायरवॉल कोणाच्या लक्षात राहत नाही.

नियंत्रक संगणकावर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन हा कार्यक्रम उघडून यजमानाचा पत्ता, खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द दिला की जोडणी पूर्ण होते. पहिल्या वेळी प्रमाणपत्राविषयी इशारा दिसतो, कारण यजमानाने ते स्वतःच तयार करून स्वतःच सही केलेले असते. स्वतःच्या दोन संगणकांमधील तारेवर हा इशारा मान्य करण्यास हरकत नाही. घरगुती विंडोजमध्ये एका वेळी एकच व्यक्ती काम करू शकते. दुरून त्याच खात्याचा ताबा घेतला की यजमानाचा पडदा कुलूपबंद होतो. घरातील माणसाला समोर बसवून काही शिकवायचे असेल, तर ही पद्धत त्यासाठी गैरसोयीची आहे. दोघांनाही एकच पडदा दिसणारी व्हीएनसी तेथे अधिक योग्य ठरते.

== इतर प्रणाली ==

मॅकओएसमध्ये स्क्रीन शेअरिंग ही व्हीएनसीवर आधारित सोय २००७ पासून अंगभूत आहे. लिनक्सवर एक्सआरडीपी हे मुक्त सॉफ्टवेअर आरडीपीची यजमान बाजू सांभाळते. नोम या डेस्कटॉपने २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत आरडीपीचा अंतर्भाव केला. व्हीएनसीच्या पारंपरिक ओळखपद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे तपासली जातात आणि पडद्याचे चित्रही कूटबद्ध नसते. दोन संगणकांमधील तारेपुरती ही पद्धत चालते. इंटरनेटवर मुळीच नाही.

== मोडेमला थेट जोडलेला यजमान ==

यजमान संगणकाला सार्वजनिक पत्ता मिळालेला असेल, तर राउटर असताना करावा लागणारा पोर्ट फॉरवर्डिंगचा खटाटोप येथे करावाच लागत नाही. रिमोट डेस्कटॉप सुरू करताच तो जगातून उपलब्ध होतो. यामुळे ही रचना काहींना सोपी आणि म्हणून चांगली वाटते. वस्तुस्थिती उलट आहे.

आयपीव्ही४ मध्ये एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते आहेत. ही संख्या मोठी वाटली तरी मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या झेडमॅप या साधनाने २०१३ मध्ये दाखवून दिले, की एका साध्या संगणकावरून, गिगाबिट जोडणीने, हे सर्व सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत एकदा ठोठावून पाहता येतात. त्यामुळे माझ्या संगणकाचा पत्ता कोणाला माहीत असणार, हा युक्तिवाद टिकत नाही. पत्ता माहीत असण्याची गरजच नाही. सर्वच पत्ते तपासले जातात. ३३८९ ऐवजी दुसरा पोर्ट क्रमांक ठेवल्याने नोंदींमधील गोंगाट कमी होतो, पण पोर्ट ६५,५३५ च असल्याने शोध घेणाऱ्याला फार उशीर लागत नाही.

राउटरविना थेट जोडलेल्या संगणकांचे काय होते याचा मोठा धडा ऑगस्ट २००३ मध्ये मिळाला. ब्लास्टर हा किडा विंडोज २००० व एक्सपीमधील एका त्रुटीतून, वापरकर्त्याने काहीही न उघडता, केवळ जोडलेला असण्यामुळे संगणकात शिरत असे. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मूळ मांडणीत ती बंद असे; ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली. ब्लास्टरचा दूरस्थ डेस्कटॉपशी संबंध नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये पसरलेल्या मॉर्टो या किड्याचा मात्र थेट संबंध होता: तो आरडीपी चालू असलेले संगणक शोधून नेहमीच्या वापरातील परवलीचे शब्द एकामागून एक टाकून पाही. मे २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी याहून गंभीर होती. तिच्यात परवलीचा शब्द ओळखण्याचीही गरज नव्हती. विंडोज ७ पर्यंतच्या आवृत्ती तिच्या कचाट्यात होत्या, आणि आधार संपून पाच वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असलेल्या संगणकांना यात अंशतः संरक्षण मिळाले, कारण हल्लेखोराला आधी ओळख सिद्ध करावी लागे. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणाऱ्या सॅमसॅम व धर्मा या सॉफ्टवेअरच्या टोळ्यांनीही उघड्या आरडीपी जोडण्यांचाच मार्ग वापरला.

२०२२ पासून विंडोज ११ च्या नव्या मांडणीत दहा वेळा चुकीचा परवलीचा शब्द पडल्यास खाते दहा मिनिटांसाठी बंद होते. हा बदल स्वागतार्ह असला तरी जुन्या संगणकांना त्याचा लाभ आपोआप होत नाही, आणि घरात मागे पडलेला, दुरून वापरावासा वाटणारा संगणक बहुधा जुनाच असतो.

== सामायिक पत्ता आणि आयपीव्ही६ ==

आज अनेक सेवादाते ग्राहकांना सार्वजनिक पत्ता देतच नाहीत. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडू लागल्याने अनेक ग्राहकांमागे एक सार्वजनिक पत्ता ठेवून रूपांतर सेवादात्याच्याच यंत्रणेत केले जाते. यासाठी १००.६४ पासूनचा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत बाहेरून यजमानापर्यंत आयपीव्ही४ ने पोहोचता येत नाही आणि ग्राहकाने काहीही केले तरी परिस्थिती बदलत नाही. काही सेवादाते वेगळ्या शुल्कावर स्थिर सार्वजनिक पत्ता देतात. सेवादात्याच्या रूपांतराने बाहेरच्यांना अडविले तरी त्याच आतल्या जाळ्यातील इतर ग्राहक अडविले जातातच असे नाही.

भारतातील मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६ चा प्रसार मोठा आहे. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर ग्राह्य पत्ता मिळू शकतो, पत्तारूपांतर नसते, आणि म्हणून नॅटचे आनुषंगिक कुंपणही नसते. एका उपजाळ्यात सर्वसाधारणपणे २ चा ६४ वा घात इतके पत्ते असल्याने सगळे ठोठावून पाहणे अशक्य आहे. मात्र आपण भेट दिलेल्या प्रत्येक सेवेला आपला पत्ता कळतोच. तेव्हा दार अडविण्याचे काम येथे संगणकाच्या फायरवॉललाच करावे लागते.

== सुरक्षित मार्ग ==

दुरून प्रवेश हवाच असेल, तर ३३८९ हा पोर्ट इंटरनेटला न दाखविता आधी एक कूटबद्ध बोगदा उभारून दूरस्थ डेस्कटॉप त्याच्या आतून नेण्याची पद्धत रूढ आहे. फिनलंडमध्ये १९९५ मध्ये तयार झालेली एसएसएच ही प्रणाली यासाठी पुरेशी आहे. तिची यजमान बाजू विंडोज १० मध्ये २०१८ पासून ऐच्छिक घटक म्हणून मिळते. परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीच्या जोडीने प्रवेश ठेवल्यास शब्द ओळखण्याचे हल्ले निष्फळ ठरतात. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले वायरगार्ड आणखी एक पाऊल पुढे जाते: योग्य किल्ली नसलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे ठोठावणाऱ्याला दार आहे हेही कळत नाही. फायरवॉलमधील दूरस्थ डेस्कटॉपचा नियम मग केवळ बोगद्याच्या पट्ट्यातील पत्त्यांपुरता मर्यादित करावा. ही शेवटची पायरी गाळली, तर बोगदा आणि उघडे दार दोन्ही शेजारी शेजारी राहतात.

यजमान सामायिक पत्त्यामागे असेल, तर बोगद्याचे दुसरे टोक भाड्याने घेतलेल्या एखाद्या सर्व्हरवर ठेवून यजमानाकडूनच बाहेर जोडणी करवावी लागते.

== मध्यस्थ सेवा ==

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क आणि क्रोम रिमोट डेस्कटॉप या सेवांमध्ये दोन्ही संगणक कंपनीच्या सर्व्हरशी आपणहून जोडले जातात आणि तो सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. दोन्ही जोडण्या आतून बाहेर जाणाऱ्या असल्याने राउटर आहे की नाही, पत्ता सार्वजनिक आहे की सामायिक, याने फरक पडत नाही. पोर्टही उघडावा लागत नाही. परगावी असलेल्या आईवडिलांचा संगणक दुरून दुरुस्त करणाऱ्यांना याहून सोपा मार्ग नाही.

येथे धोका यंत्राकडून माणसाकडे सरकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या गैरवापराविषयी बँकांना सावध केले. फसवणूक करणारी व्यक्ती बँकेची वा ग्राहकसेवेची प्रतिनिधी असल्याचे भासवून फोनवर ॲप उतरवून घ्यायला लावते, पडद्यावर दिसणारा नऊ अंकी क्रमांक विचारते, परवानगीचे बटण दाबायला सांगते आणि मग यूपीआय व्यवहार स्वतः करते. यात ॲपमधील कोणतीही त्रुटी वापरलेली नसते. मालकाने स्वतःच दिलेला प्रवेश वापरला जातो. अशी फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदविता येते. घरातील ज्येष्ठांच्या उपकरणावर असे ॲप ठेवायचे असल्यास प्रवेश ठरावीक खात्यांपुरताच राहील अशी मांडणी करणे आणि काम झाल्यावर ते बंद करणे उचित ठरते.

== झोपलेला व बंद पडलेला यजमान ==

जोडणी यशस्वी झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती चालेनाशी होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे यजमान संगणक झोपी गेलेला असणे. वीजबचतीच्या मांडणीत ही झोप बंद करता येते. तारेने जोडलेल्या यजमानाला वेक-ऑन-लॅन या सोयीने जागेही करता येते. यासाठी पाठविल्या जाणाऱ्या संदेशात कमाल मूल्याचे सहा बाइट आणि त्यापुढे यजमानाच्या नेटवर्क कार्डाचा भौतिक पत्ता सोळा वेळा, असे १०२ बाइट असतात. हा संदेश त्याच तारेवर किंवा स्विचवर ऐकू जातो. मोडेमला थेट जोडलेल्या झोपलेल्या यजमानाला मात्र इंटरनेटवरून असा संदेश सहसा पोहोचत नाही, कारण मोडेमपलीकडे तो पुढे ढकलणारे जागे यंत्रच तेथे उरलेले नसते.

वीज गेल्यास संगणक परत आपोआप सुरू होत नाही. बहुतेक डेस्कटॉप संगणकांच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करावे याची निवड असते. ती सुरू व्हावे अशी ठेवल्यास भारनियमनाच्या गावातही यजमान उपलब्ध राहतो. मोडेमच्या जोडणीत वापरकर्त्याचे नाव संगणकावरूनच टाकावे लागत असेल, तर ही निवड एकटी पुरत नाही. इंटरनेटची जोडणी संगणकासोबतच आपोआप सुरू होईल अशी वेगळी मांडणी करावी लागते, आणि नवी जोडणी बहुधा नव्या पत्त्याने होते.